ढोरवाट

रतनवाडीत गाडी लावून बुटांच्या नाड्या बांधत होते, तेव्हा साधारण माझ्याच वयाचा एक जण जवळ आला. कमरेला कोयता, पायात रबरी चप्पल.

"वाटाड्या लागंल का, ताई?"

मी मोबाईल वर करून दाखवला. "नको दादा, मॅप आहे."

तो हसला. "शिडीनंच उतरणार ना?"

"नाही, त्र्यंबक दरवाज्यानं. गोल फिरून येणार."

"दोघंच?"

"दोघंच."

"बरं," म्हणाला आणि गेला. पप्पा म्हणाले, "घेतला असता की बरोबर." मी म्हणाले, "पप्पा, सगळीकडे बाण काढलेले असतात. नुसतं चालायचं."

माझे पप्पा एसटीत कंडक्टर होते. संगमनेरहून अकोले, राजूर अशा फेऱ्या त्यांनी वर्षानुवर्षं मारल्या. या भागातल्या गावांची नावं त्यांना ओळीनं पाठ आहेत, पण गाडी वळते तिथून पुढे ते कधी गेले नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात एकच होतं: प्रवरा कुठून निघते ते बघायचं. आमचं सगळं घर प्रवरेच्या पाण्यावर वाढलेलं. हीच नदी पुढे नेवाशावरून जाते आणि गोदावरीला मिळते. तिचा उगम मात्र इथे, रतनगडाच्या उतारावर. म्हणून नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी पुण्याहून संगमनेरला गेले, आणि रविवारी पहाटे आम्ही दोघं निघालो.

खरं सांगायचं तर मलाही कुठेतरी पळून जायचं होतं. माझ्या लॅपटॉपवर एक फाईल अर्धवट पडली होती. चार वर्षं मी ज्या सिस्टीमवर काम केलं ती आता दुसऱ्या शहरातल्या टीमकडे जाणार होती. माझ्याकडे काम आलं होतं केटीचं, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरचं. मला जे जे माहीत आहे ते लिहून काढायचं, म्हणजे माझ्याशिवाय त्यांचं भागेल. त्यानंतर माझं काय, हे कुणी सांगत नव्हतं. फाईल मी लिहीत होते, पण मुद्दाम दोन-तीन जागा मोकळ्या ठेवून. रात्रीचा जॉब अडकला तर नेमकं कुठे बघायचं, कोणती गोष्ट कोणत्या क्रमानं बंद करायची, असल्या गोष्टी. खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त सगळं लिहिलं नव्हतं. त्यांना माझी गरज पडावी एवढीच इच्छा होती.

गोल फिरून यायचं वेड मला अमेरिकेत लागलं. तीन महिने ऑनसाइट होते, न्यू जर्सीत. तिथून थोड्या अंतरावर न्यूयॉर्क राज्याचं हॅरिमन स्टेट पार्क आहे. सुरुवातीला नकाशाचा फलक, आणि मग झाडांच्या खोडांवर रंगाचे ठिपके. लाल वाट, निळी वाट, पिवळी वाट. एकावर एक दोन ठिपके दिसले की वळण आलं, आणि वरचा ठिपका ज्या बाजूला सरकवलेला असेल त्या बाजूला वळायचं. लाल वाटेनं निघायचं, मध्ये निळी पकडायची आणि चार तासांनी बरोबर आपल्या गाडीपाशी. मी तिथे एकटी फिरले, आणि एकदाही कुणाला वाट विचारावी लागली नाही. घाबरट मुलीला हे केवढं मोठं स्वातंत्र्य वाटतं, हे घाबरट मुलीलाच कळेल. हे ठिपके स्वयंसेवक रंगवतात, १९२० साली स्थापन झालेली त्यांची संस्था आहे, हे मला माहीत होतं. पण 'माहीत असणं' म्हणजे तेवढंच. माझ्या दृष्टीनं ते ठिपके झाडांना आपोआप आलेले होते.

सह्याद्रीत गोल वाटा फारशा नसतात. वाट म्हणजे कुठेतरी जाण्यासाठी: बाजाराला, देवाला, पाण्याला, हिरडा वेचायला. काम झालं की त्याच वाटेनं घरी. गोल फिरून जिथून निघालो तिथेच यायचं, तर ती प्रदक्षिणा. नाहीतर चकवा. रतनगड हा त्यातला सुखद अपवाद. रतनवाडीहून शिडीच्या वाटेनं चढायचं, गड आडवा पार करायचा, पलीकडे त्र्यंबक दरवाज्यानं उतरायचं आणि गडाच्या पायथ्याला वळसा घालून पुन्हा शिडीची वाट गाठायची.

वरपर्यंत सगळं माझ्या मॅपसारखंच झालं. अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि पुष्करणी बघितली. मग प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत जंगलातून चाल. पप्पा प्रत्येक वेळी थांबून पाण्यात हात घालत होते. "इथं ही एवढीशी. आपल्याकडं येईपर्यंत केवढी होते," म्हणाले. कात्राबाईच्या खिंडीकडे जाणारा फाटा आला तिथे मोठ्ठा पांढरा बाण होता. मी पप्पांकडे विजयी नजरेनं पाहिलं. लोखंडी शिड्यांवर त्यांचे पाय थरथरले, पण गणेश दरवाज्यातून आत गेल्यावर स्वतःच म्हणाले, "डबल बेल! चला पुढं."

गडाची उंची साधारण १२९७ मीटर. सर्वात वर नेढं आहे, कड्याला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वारा नुसता ढकलतो. समोर अलंग, मदन, कुलंग, बाजूला कळसूबाई, खाली भंडारदऱ्याचं पाणी. पप्पा पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढी वर्षं तिकिटं फाडली. एकदा तरी शेवटच्या थांब्याच्या पुढं यायला पाहिजे होतं."

त्र्यंबक दरवाज्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या उंच आहेत. त्या उतरताना पप्पांच्या गुडघ्यानं तक्रार सुरू केली. खाली पोचलो तेव्हा दोन वाजले होते. साम्रदची वाट सोडून आम्ही रतनवाडीकडचा वळसा धरला. दाट झाडी, वर उभा कडा, आणि पायाखाली बरी मळलेली वाट. एका दगडावर पांढरा बाण खालच्या बाजूला वळलेला दिसला. आम्ही वळलो.

वाट चांगली होती. हेच फसवं असतं. वाईट वाटेवर माणूस थांबून विचार करतो, चांगल्या वाटेवर करत नाही. पाऊण तासानं लक्षात आलं की त्या बाणानंतर दुसरा बाण दिसलेलाच नाही. वाटेला फाटे फुटत होते, ते पुन्हा एकमेकांत मिसळत होते. मोबाईल काढला तर निळा ठिपका कधी कड्याच्या पोटात, कधी दरीत. उभ्या कड्याखाली असंच होतं. सॅटेलाइटचा सिग्नल खडकावर आपटून उशिरा पोचतो आणि फोन आपली जागा भलतीच समजतो. हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि परीक्षेत मार्कही मिळाले होते. आणखी वीस मिनिटांनी एक वाकडं झाड दिसलं. त्याखाली चिक्कीचा कागद पडला होता. तो आमचाच होता. मघाशी पप्पांच्या खिशातून पडलेला.

"चकवा लागला," पप्पा म्हणाले. चेष्टेत, पण पूर्ण चेष्टेत नाही.

माझी आजी सांगायची की चकवा लागला की चालायचं नाही, खाली बसायचं. मला ही भुताची गोष्ट वाटायची. पुढे कधीतरी वाचलं, जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली हे तपासून पाहिलं होतं. जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात माणसांना सरळ चालत राहायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. तो झाकला गेला की वळत वळत स्वतःच्याच पावलांवर परत आले, आणि आपण सरळ चालतोय असंच त्यांना वाटत होतं. चकव्याला भूत लागत नाही. आपली खात्री पुरते.

आम्ही बसलो. एक बाटली पाणी उरलं होतं. साडेतीन वाजले होते, नोव्हेंबरात सहाला अंधारतं. पप्पा गुडघा चोळत होते, आणि मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. मी 'दोघंच' म्हणाले होते ना, तो शब्द आठवला. पोटात खड्डा पडला.

तासाभरानं घंटेचा आवाज आला. आधी म्हैस आली, मग तिच्या मागून एक मावशी, डोक्यावर सरपणाची मोळी. आम्हाला बघून तिला काही नवल वाटलं नाही.

"रतनवाडीला जायचंय, मावशी," पप्पा म्हणाले.

"मग हिकडं कुठं? ही ढोरवाट हाय. पाण्यावं जाती न् परत येती."

मी म्हणाले, "बाण होता इकडे."

"आसंल. पावसाळ्यात दगूड गडगाळतो. दगूड फिरला का बाण बी फिरतो."

मोळी तशीच डोक्यावर ठेवून ती पुढे झाली. अर्ध्या तासात आम्ही त्या दगडापाशी होतो. नीट बघितलं तर तो सुटाच होता, खालची बाजू अजून मातीनं माखलेली. मावशीनं पायानं ढकलून तो सरळ केला. इतकं सोपं काम होतं ते. शिडीच्या वाटेपर्यंत तिनं सोडलं. पप्पांनी पैसे पुढे केले, तर म्हणाली, "वाट सांगायचं कसलं पैसं?" आणि म्हशीला हाक मारत निघून गेली.

गावात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. देवळाजवळ टॉर्च घेतलेले तिघं उभे होते. त्यातला एक सकाळचा वाटाड्या.

"आलात? आता निघणारच होतो."

"कुठे?"

"तुम्हाला बघाया. सकाळी गेलेली माणसं सांजच्याला मोजतो आम्ही. दोन कमी होती."

मला काही बोलता येईना. ज्याला मी शे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी नको म्हटलं होतं, तो दिवसभर आमचा हिशोब ठेवून होता. त्याच्या ओट्यावर चहा झाला. मी पैसे दिले, त्यानं घेतले. "देताय तर घेतो. पर सकाळी दिले आसते तर कामाला आले आसते," म्हणाला, आणि सगळे हसले. पप्पा जरा जास्तच.

मग मी मनातलं विचारलं. "दादा, या बाणांचा राग नाही येत? बाण आहेत म्हणून आमच्यासारखे तुम्हाला घेत नाहीत."

"राग कशाला? दर वर्षी पाऊस सरला का चार-पाच बाण मीच काढतो."

"तुम्ही? स्वतःच?"

"मग? माणूस पडलं तर झोळी करून आम्हालाच आणावं लागतं ना खाली. बाण बघून धा जण नीट जात्यात. अकरावा चुकतो. त्याच्यासाठी मी हायेच की." थोडं थांबून म्हणाला, "हाच दगड राहिला बघा यंदा. आता पक्क्या कातळावं काढतो."

परतीच्या गाडीत पप्पा झोपले. मी रस्ताभर अकराव्या माणसाचा विचार करत होते. बाण पुढची दिशा दाखवतो. तुम्ही वाट सोडली आहे, हे त्याला कळत नाही. संध्याकाळ झाली आणि दोन माणसं कमी आहेत, हेही नाही. ते कळायला गावात कुणीतरी असावं लागतं. हॅरिमनमध्ये मला कुणाची गरज पडली नाही असं मी समजत होते. तिथेही दर काही वर्षांनी कुणीतरी रंगाचा डबा घेऊन, मला न ओळखता, माझ्यासाठी चालून गेलेलं होतं.

सोमवारी फाईल उघडली. मोकळ्या ठेवलेल्या जागा भरल्या. फार मोठं मन वगैरे काही नव्हतं. भरताना दर ओळीला वाटत होतं की आपण आपल्याच नोकरीवर माती लोटतोय. पण त्या जागा कशा दिसतात हे मी काल बघून आले होते. ती चांगली मळलेली वाट असते, आणि पाऊण तास पुढचा बाण नसतो. रात्री तीनला दुसऱ्या शहरातलं कुणीतरी त्या वाटेवर असणार होतं, आणि त्यानं माझं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. एका ठिकाणी ठळक अक्षरांत लिहिलं, 'इथे सगळे चुकतात, मीही चुकले होते.' तळाला तारीख टाकली, म्हणजे दगड किती जुना आहे ते कळेल. आणि खाली माझा स्वतःचा मोबाईल नंबर दिला.

मी सध्या बेंचवर आहे. पुढचं प्रोजेक्ट मिळेल की नाही, माहीत नाही. त्या वाटाड्यासारखी 'मी हायेच की' म्हणण्याची खात्री माझ्यात अजून आलेली नाही. पप्पा मात्र पुढच्या वारीच्या तयारीला लागले आहेत, हरिश्चंद्रगडाच्या. गुडघ्याला पट्टा आणलाय, आणि 'पाचनईत आधी वाटाड्या, मग चहा' असं मला दोनदा बजावलंय.

पहिला फोन तिसऱ्या आठवड्यात आला, रात्री अकराला. नवा मुलगा होता, आवाजावरून वर्षभरापूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेला. घाबरून एका दमात सगळं सांगायला लागला.

"थांब," मी म्हणाले. "आधी पाणी पी. आता सांग, शेवटचं बरोबर काय दिसलं होतं?"