टिकलीची जागा

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नखाने तिची टिकली उचकटली, भिंग कपाळाजवळ आणलं आणि विचारलं, "किती वर्षं लावताय?"

"चाळीस तरी झाली असतील."

"आजपासून बंद."

टिकलीखाली टिकलीएवढाच पांढरा डाग पडला होता, कंपासने काढावा तसा गोल. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी ते मारून टाकतं. सगळ्याच बायकांना हे होतं असं नाही, पण हिला झालं होतं. डॉक्टर मलमाचं नाव लिहीत होत्या. हिच्या कानात मात्र दोनच शब्द वाजत राहिले, पांढरं कपाळ. दवाखान्यात ते आजाराचं लक्षण असेल, मराठीत ती शिवी आहे.

नवरा बाहेर बाकावर तिची फाईल मांडीवर घेऊन पेपर वाचत बसला होता. धडधाकट.

तिसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तिचा हात धरला. डोळे भरून आलेले. "कधी झालं हो? कळवलंसुद्धा नाहीत!" काय झालं ते हिच्या ध्यानात येईपर्यंत मागून नवरा दुधाच्या पिशव्या घेऊन वर आला आणि "काय म्हणताय वहिनी?" म्हणाला. वहिनींची बोबडी वळली. त्या रात्री नवरा-बायको पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलेली एक टिकली काढून तिने कपाळाला लावली. क्षणभरच. मग परत आरशाला.

सांगायची गोष्ट खरी इथे आहे. ही बाई काही सोवळ्यातली नव्हे. तिने कॉलेजात असताना ताराबाई शिंद्यांवर भाषण ठोकून बक्षीस मिळवलेलं. विधवांना दूषणं देणाऱ्या समाजाला बुलढाण्याच्या एका बाईने १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून कसं फैलावर घेतलं, ते तिला तेव्हा तोंडपाठ होतं. तरीही टिकलीवाचूनचा स्वतःचा चेहरा तिला अर्धवट पुसलेल्या पाटीसारखा दिसला. हे मत काही तिचं नव्हतं, पण डोळे तिचेच होते.

तिचं बालपण सांगलीत गेलं. वडील हळदीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी. हळद साठवायची हरिपूरच्या पेवांत. जमिनीत खोल खणलेली ती पेवं पुढे २००५ च्या पुरात बरीचशी कामातून गेली. वडील संध्याकाळी घरी आले की माजघरभर हळदीचा वास दरवळे. आई त्यांच्या धोतराला साबण लावी आणि पिवळे डाग बघता बघता लाल होत. पोरीला ती जादू वाटे. कुंकू म्हणजे तरी दुसरं काय? हळदीला चुन्याची संगत लागली की झालं कुंकू. सोलापूर जिल्ह्यातल्या केमला यावर अख्खा धंदा चालतो. हळदीचं सौभाग्य चुन्याच्या हाती, असं कोणी म्हटलेलं ऐकिवात नाही.

पण तिला आठवतो तो चैत्र.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू. वाड्यातल्या बायका ओसरीवर ओळीने बसलेल्या, ओटीत भिजवलेले हरभरे, हातात पन्ह्याचे पेले. ही आठ वर्षांची, गुलाबदाणी हलवायचं काम हिच्याकडे. कैरीची डाळ आत्याने केलेली. आत्याचं सासर कुरुंदवाडचं. सत्ताविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाकडे आली. केस राखलेले होते, काळ तेवढा पुढे आला होता. पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. कोणी तसं सांगितल्याचं हिने कधी ऐकलं नाही. त्या दिवशी डाळीच्या वाट्या कमी पडल्या म्हणून आत्या ताट घेऊन दारापर्यंत आली. वाड्यात महिन्यापूर्वीच एक नवी नवरी आलेली होती. मोठ्या बायकांनी कुंकवाचा करंडा कौतुकाने तिच्या हाती दिला होता. तिला कोण कोण आहे ते ठाऊक नव्हतं. आत्या समोर दिसली, तशी तिने करंगळीशेजारचं बोट मेणात टेकवलं, मग पिंजरीत, आणि हात उचलला.

कोणीही "अगं, अगं" म्हणायच्या आत आत्याचं डोकं मागे गेलं. चटका बसावा तसं. चौकटीवर ते आपटल्याचा आवाज हिला अजून ऐकू येतो. ताटातल्या दोन वाट्या लवंडल्या. नवरीचं बोट तसंच हवेत, टोकाला लाल.

ओसरीवरच्या बायका आत्याला अडवायला उठल्या असत्या, तर हिला त्यांचा राग करता आला असता. पण कोणाला उठावंच लागलं नाही. आत्याने स्वतःच स्वतःला अडवलं, तेही सगळ्यांच्या आधी. पुढे कितीतरी पुस्तकांत हिने रूढी, दडपण हे शब्द वाचले. दर वेळी ते चौकटीवर आपटलेलं डोकं आठवलं आणि शब्द पिचपिचीत वाटले.

एका थोरल्या काकूंवर मात्र तिचा राग अजून आहे. त्या नवरीला म्हणाल्या होत्या, "आईबापांनी एवढंही शिकवलं नाही?" काकू जाऊन वीस वर्षं झाली. राग गेलेला नाही आणि जावा असं तिला वाटतही नाही.

इतिहास सांगायचा तर बराच आहे. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. हातातल्या हत्याराने एवढं सरळ बोलणारी सभा दुर्मीळच. १९३७ साली शांतारामबापूंनी म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लागलेल्या, पण त्याला नवरा मानायला नकार देणाऱ्या मुलीवर सिनेमा काढला. हिंदीत त्याचं नाव 'दुनिया न माने', मराठीत नुसतं 'कुंकू'. हिंदीवाल्यांना जिथे अख्खी दुनिया लागली, तिथे आपलं चिमूटभर पुडीत भागलं.

आणि हेरवाड. शिरोळ तालुक्यातलं हे गाव आत्याच्या कुरुंदवाडच्या अगदी जवळ. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. बातमी वाचून तिने मुलीला फोन लावला आणि काय बोलावं ते न सुचून पावसाबद्दल बोलली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणण्याचा प्रस्ताव पुढे केला आणि बायकांनी त्यांना चांगलंच सुनावलं. आत्याला येणाऱ्या पत्रांवर 'गं. भा.' असायचंच. त्याने तिला उंबरा ओलांडता आला नव्हता. हिच्या स्वतःच्या लग्नपत्रिकेवर चि. सौ. कां. होतं, मग आयुष्यभर सौ. बाईच्या नावाला पुढे लावलेला हा फलक नवऱ्याच्या नाडीवर चालतो. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे लग्नाआधी श्री. होतं आणि आजही श्री.च आहे.

डॉक्टर म्हणाल्या होत्या की घरचं हळदीचं कुंकू चालेल, फक्त गोंद नको. म्हणजे वाट मोकळी होती. तरी तिने सहा महिने कपाळ मोकळंच ठेवलं. आधी हट्टाने, मग सवयीने. भाजीवाली हल्ली विचारत नाही. आरशातली बाईही हळूहळू ओळखीची झाली. डाग आता साबुदाण्याएवढा उरला आहे.

त्या नवरीचं पुढे काय झालं, हे तिने परवा आईला विचारलं. आई ब्याण्णव वर्षांची आहे. सकाळचं जेवण तिला आठवत नाही, पण वाड्यातलं सगळं आठवतं. नवरी पुन्हा कधी कोणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही म्हणे, आजाराचं निमित्त सांगायची. आणि आत्या दर चैत्रात बायका पांगल्यावर मागच्या दाराने वाटीभर डाळ झाकून तिच्याकडे नेऊन द्यायची.