हालात आणि मेहनत

ईदच्या दुसऱ्या दिवशी आपाकडे गेलो होतो. शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देऊन भाचीनं लगेच वही पुढं केली. ती बी.कॉम.ला आहे. "मामू, प्रकल्प लिहायचाय. प्रवासी विमानं बनवणाऱ्या कंपनीवर बाहेरच्या कोणत्या घटकांचा परिणाम होतो?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. वाणिज्याशी माझा संबंध पगाराच्या पावतीपुरता. पण मामूला येत नाही, असं भाचीला कसं सांगणार? तिचा मोठा भाऊ दाराशी मोबाइल बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

मी म्हणालो, "बाहेरचे घटक म्हणजे आपण ज्याला हालात म्हणतो ते. गडचांदूरच्या माणसाला ते वेगळे शिकवावे लागत नाहीत." आमचं गाव सिमेंटवर जगतं. पावसाळा लागला की बांधकामं मंदावतात आणि ट्रक उभे राहतात. त्यात ड्रायव्हरचा काय दोष? २०१९ मध्ये माणिकगड सिमेंट सेंच्युरीकडून अल्ट्राटेककडे गेलं. मालकी बदलण्याचा तो निर्णय काही भट्टीजवळ उभ्या असलेल्या कामगाराला विचारून झाला नव्हता.

मग तिला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची गोष्ट सांगितली. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी गाठ पडली आणि हिंदुस्थानात विमानं बनवण्याचा विचार पक्का झाला. पण इंग्रज सरकारला त्याची घाई नव्हती. युरोपात युद्ध पेटलं, फ्रान्स पडला, तेव्हा त्याच सरकारला हा कारखाना हवासा वाटू लागला. म्हैसूर संस्थानानं पंचवीस लाख रुपये आणि बंगळूरजवळची जमीन दिली. त्यासाठी पुढाकार घेणारे दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. सोलापूरचा जैन व्यापारी, म्हैसूरचा हिंदू राजा, त्याचा मुसलमान दिवाण आणि अमेरिकी भागीदार, अशा सगळ्यांच्या हातांनी डिसेंबर १९४० मध्ये 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' उभी राहिली.

पुढं जपान युद्धात उतरला. लढाई ब्रह्मदेशापर्यंत आली आणि १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारभार आपल्या हाती घेतला. ज्या युद्धानं कारखाना दिला, त्याच युद्धानं तो काढून घेतला. वालचंद तेच होते, त्यांची हुशारीही तीच होती. बदलले होते ते हालात.

"पण मामू, ती लढाऊ विमानं. मला प्रवासी विमानांचं हवंय," भाची म्हणाली. बरोबर होतं तिचं. तिथं गिऱ्हाईक एकटं सरकार होतं. इथं गिऱ्हाईक म्हणजे विमान कंपन्या. तेल महागलं की त्यांचा नफा आटतो आणि नव्या विमानांची खरेदी पुढं ढकलली जाते. नाहीतर उलट, कमी तेल पिणारी विमानं लवकर हवी असतात. व्याजदर चढला की विमानासाठीचं कर्ज महागतं. विमानाची किंमत डॉलरमध्ये ठरते, पण एअरबसच्या युरोपातल्या कामगारांचा पगार युरोत जातो. म्हणजे डॉलर घसरला की घरबसल्या नुकसान. सरकारच्या अटी असतात त्या वेगळ्या. आपल्या नागपूरच्या मिहानमधला देखभाल कारखाना बोईंगनं उभारला, तो एअर इंडियाच्या मोठ्या खरेदीच्या करारातून.

"आणि इंजिन," दारातून आवाज आला.

आम्ही दोघं वळलो. भाचा म्हणाला, "विमान बनवणारी कंपनी इंजिन बनवत नाही. ते दुसऱ्याकडून येतं. २०२५ मध्ये एअरबसची साठेक विमानं तयार होऊन नुसती उभी होती. पंख होते, चाकं होती, इंजिन नव्हतं."

भाचीनं ते लिहून घेतलं. मग स्वतःच्या यादीतलं वाचलं: "बोईंग ७३७ मॅक्सवर बंदी. हा बाहेरचाच ना?" मी म्हणालो, "बंदी बाहेरून आली, पण खोट आतली होती. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. विमानाच्या एका यंत्रणेतच दोष होता. त्याला हालात म्हणून चालणार नाही. दोन रकाने कर. एक आतला, एक बाहेरचा."

हे बोललो आणि मलाच ठेच लागल्यासारखं झालं.

हा भाचा नागपुरात विमान देखभालीचा कोर्स करत होता. आपानं बांगड्या मोडल्या होत्या, वर कर्जही होतं. कोर्स संपत आला आणि २०२० उजाडलं. जगभर विमानं जमिनीवर आली. एअरबसनं एप्रिलमध्येच उत्पादन सुमारे एक तृतीयांशानं कमी केलं. जिथं विमानं बनवणाऱ्यांचे हात रिकामे झाले, तिथं विमानाचा नट आवळायला शिकलेल्या पोराला कोण विचारणार? तो घरी आला आणि ट्रकच्या गॅरेजवर जाऊ लागला. परवान्याचे दोन पेपर राहिले ते राहिलेच.

त्यानंतरच्या एका ईदला, याच खोलीत, पाहुण्यांसमोर मी त्याला म्हणालो होतो, "मन लावून मेहनत केली असती तर आज ही वेळ आली नसती." मास्तराच्या तोंडी असलेलं वाक्य. वर्गात रोज म्हणतो, तिथंही म्हणून गेलो. तो काही बोलला नाही. तेव्हापासून माझ्याशी फारसं बोलतच नव्हता.

उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण मी मुलांना नेहमी सांगतो. त्या पोरानं उंट बांधला होता. वादळात दोर तुटला आणि मी गाठीला नावं ठेवली. परक्या देशातल्या कंपनीसाठी दोन रकाने करायचं मला सुचलं, पण घरच्या पोरासाठी सुचलं नव्हतं.

भाची वही घेऊन आत गेली. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "त्या ईदला मी चुकीचं बोललो," म्हटलं. त्यानं मोबाइल खाली ठेवला, पण उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं मीच म्हणालो, "इंडिगोनं २०२३ मध्ये एकदम पाचशे विमानं मागवलीत. ती येतील तशी सांभाळायला माणसं लागतील ना?"

"लागतील. पण पेपर राहिलेत, मामू."

"दोनच ना? फी मी भरतो."

"आता विसरलोय सगळं."

"मघाशी इंजिनाचं कोण बोललं?"

तो हसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पुढचं त्याच्या मेहनतीवर आहे आणि हालातवरही. मी आता दोन्ही म्हणतो, वर्गातसुद्धा.