मुक्तांगणचे बाबा आणि माझा भाऊ

२७ जानेवारी २०२२ ला पुण्यात डॉ. अनिल अवचट गेले. बातमी आली तेव्हा माझा मोठा भाऊ सावनेरच्या घरी कणीक मळत होता. पिठाचे हात तसेच धरून तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आमचे वडील गेले तेव्हा तो रडला नव्हता. त्या दिवशी तो शुद्धीवरच नव्हता.

भाऊ जिनिंगमध्ये कामाला होता. आधी पगाराच्या दिवशी प्यायचा, नंतर रोज. विहारात आम्ही पंचशील म्हणत होतो, पाचवे शीलही म्हणत होतो, आणि घरी वहिनींच्या अंगावर वळ होते. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्या दीक्षाभूमीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आमचे घर, आणि घरात ही तऱ्हा! मी वस्तीत दारूबंदीवर भाषणे करायची. भावाला मात्र चारचौघांत "तू आमच्या नावाला काळिमा आहेस" म्हणायची. कुणी सांगितले म्हणून त्याच्या नकळत चहात कसली तरी पुडीही घातली. उपयोग शून्य. उलट त्याचा आमच्यावरचा विश्वास उडाला.

अशा वेळी वाचनालयात अवचटांचे 'गर्द' हाती आले. आपल्या वाचकांना त्यांची एक ओळख सांगितलीच पाहिजे. 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या ज्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला, तो अंक अवचटांनी संपादित केला होता. शिक्षणाने डॉक्टर, पण दवाखाना थाटून पैसा कमावण्याच्या मागे ते लागले नाहीत. हमाल, निपाणीच्या तंबाखू कामगार बाया यांच्यात जाऊन बसले आणि त्यांचे जिणे लिहिले. ब्राऊन शुगरमध्ये बुडालेल्या पोरांवरचे त्यांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झाले. ते उभे केले त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ साली कॅन्सरने त्या गेल्या. पण मुक्तांगण थांबले नाही. कन्या मुक्ता यांनी ते पुढे नेले.

२००९ साली संत्र्यांची पिशवी घेऊन वहिनी, मी आणि भाऊ महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेलो. मला वाटले होते, तिथे कुलपे असतील, दरडावणे असेल. तसे काही दिसले नाही. व्यसन हा आजार आहे, असे आम्हाला समजावून सांगितले. पस्तीस दिवसांचा मुक्काम. व्यायाम, साफसफाई, डायरी लिहिणे, सगळ्यांसमोर मन मोकळे करणे. समजावणाऱ्यांत कितीतरी जण स्वतः व्यसनातून सुटलेले. बायकांसाठी 'सहचरी' गट होता. वहिनी तिथे पहिल्यांदा स्वतःविषयी बोलल्या. मी बाबांना पाहिले नाही. तिथले सगळे त्यांना बाबाच म्हणत.

भाऊ परतला आणि पाचव्या महिन्यात पुन्हा प्यायला. मी दार लावून घेतले. म्हटले, "आता हा मेला तरी चालेल." वहिनींनी दार उघडले. म्हणाल्या, "ताई, टायफॉइड उलटला तर आपण माणूस घराबाहेर काढतो का वो? हाही आजार उलटला आहे." मी बी. कॉम. झालेली, कार्यकर्ती म्हणवणारी. सातवी शिकलेल्या वहिनींपुढे माझी मान खाली गेली. भाऊ पुन्हा उपचाराला गेला. २०१० पासून त्याने थेंब घेतलेला नाही. रविवारी नागपूरला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जातो.

आणखी एक गोष्ट तो बाबांकडून शिकला. अनिताताई नोकरी करीत तेव्हा अवचटांनी घर सांभाळले, स्वयंपाक केला, दोन्ही मुलींना वाढवले, आणि त्याची लाज न बाळगता ते लिहिले. भावाने ते वाचले आणि वहिनींच्या हातची परात घेतली. पहिल्या पोळ्या जळक्या झाल्या. वहिनींनी त्या चवीने खाल्ल्या.

भगिनींनो, दारूचा गुत्ता बंद करायला आपण जाऊच. पण गुत्त्यातून घरी येणाऱ्या माणसाचे काय करायचे, हेही शिकले पाहिजे. मारहाण मुकाट्याने सोसा, असे मी म्हणत नाही. आधी स्वतःला आणि लेकरांना सांभाळा. पण तो आजारी आहे हे ओळखा, नकळत औषध पाजू नका, आणि उपचाराला नेताना शरमू नका. एकदा घसरला म्हणून आशा सोडू नका. आमच्या विहारात आता महिन्यातून एकदा अशा घरच्या बाया जमतात. चहा भाऊच करतो.

बाबांना आमच्या कुटुंबाचे विनम्र अभिवादन.