टाळूवर ठेवलेला हात



आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करण्याची सेवा मी आमच्या बेळगावच्या पॅरिशमध्ये करते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर शेजारच्या मावशींनी मला घरी नेलं. "अगं, नातीला कालपासून ताप आहे, दूधही ओढत नाही. दात येत असतील. तरी डोक्यावर हात ठेवून एकदा प्रार्थना कर."

बाळ पाच महिन्यांचं. आईने उचलल्यावर गप्प होण्याऐवजी ते चिरक्या आवाजात किंचाळलं आणि मग खांद्यावर ग्लानीत पडून राहिलं. मी टाळूवर हात ठेवला आणि प्रार्थना तोंडातच राहिली. टाळू फुगून घट्ट झाली होती. बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना टाळू सपाट किंवा किंचित खोलगट लागते, हे एका आरोग्य शिबिरात शिकले होते.

"मावशी, प्रार्थना रिक्षात करू. आधी चला."

डॉक्टरांना जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची शंका आली. पाठीतून पाणी काढायचं म्हटल्यावर मावशी घाबरल्या, "त्याने बाळ पांगळं होतं म्हणतात!" डॉक्टरांनी समजावलं की मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्याही खाली सुई टोचतात, कोणता जंतू आहे ते त्या पाण्यावरून कळतं. रिपोर्टसाठी मात्र ते थांबले नाहीत. शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू केलं. चौथ्या दिवशी ताप उतरला, तरी इंजेक्शनं पूर्ण चौदा दिवस चालली.

नात वाचली, प्रभूची स्तुती असो. पण नंतरच्या तपासणीत तिला एका कानाने ऐकू येत नसल्याचं समजलं. "शनिवारीच नेलं असतं तर?" मावशी अजून विचारतात. माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून हे लिहिते आहे. मोठ्या मुलांत ताप, डोकेदुखी, उलट्या, आखडलेली मान, उजेड सहन न होणं ही लक्षणं दिसतात. तान्ह्या बाळाची मान आखडेलच असं नाही. दूध न ओढणं, ग्लानी, चिरकं रडणं, झटके, फुगलेली टाळू यांकडे लक्ष द्या. नवजात बाळाचं अंग तापण्याऐवजी गारही पडू शकतं. असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

लसही चुकवू नका. पेंटाव्हॅलंट 6, 10 आणि 14 आठवड्यांना आणि न्यूमोकोकल 6 व 14 आठवडे आणि 9 महिन्यांना, सरकारी केंद्रात मोफत मिळते. मेंदूज्वराच्या दोन मोठ्या कारणांपासून त्या संरक्षण देतात.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवलं आणि उतारशाळेत नेलं. प्रभूने आपल्याला तसंच करायला सांगितलं. बाळाला उचलून दवाखान्याकडे धावणारी आईसुद्धा प्रार्थनाच करत असते.

प्रभू आपल्या लेकरांचं रक्षण करो. आमेन.