पट्टी बांधताना

सायकलच्या हॅण्डलवरची जुनी पट्टी सोडवायला बसलो, तेव्हा ती सहजासहजी सुटेना. पट्टी सुती होती आणि ११ वर्षांपूर्वी मीच तिच्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे तीन हात दिले होते. युरोपातील जुन्या, लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांची ही रीत. लाख मात्र आपल्याकडच्या पळस-कुसुंबावरची, या गोष्टीचे तेव्हा मला भलतेच कौतुक होते. अखेर पट्टी सुरीने कापून काढावी लागली. खरे तर ती अजून दोन-चार वर्षे टिकली असती. बदल करायचा होता तो माझ्या बसण्यात.

दोन वर्षांपासून उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले होते. आधी घाट उतरताना, मग सपाटीवर, आणि पुढे पुढे सकाळी सदऱ्याचे बटण लावतानाही. तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्याखालून एक मज्जातंतू बोटांकडे जातो. पुढे वाकून बसले की धडाचा भार नेमका तिथे येतो. देस्तो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ साली सायकलस्वारांमधील या विकाराविषयी लिहून ठेवले आहे, म्हणजे दुखण्याला परंपरा तरी चांगली आहे. आमच्या डॉक्टरांनी मात्र थोडक्यात सांगितले, ताठ बसा, नाहीतर सायकल सोडा.

ताठ बसणे म्हणजे नानांसारखे बसणे. माझे वडील काळ्या रोडस्टरवर, खुर्चीत बसल्यासारखे, पाठ सरळ ठेवून कचेरीत जात. मी पहिल्यांदा वाकड्या हॅण्डलची सायकल आणली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अरे, तू रस्ता बघतोस की पुढचं चाक?" मला ते जुनाट वाटले. वाकून बसल्याने वारा कमी अडतो हे खरेच आहे. पण त्या बसण्यात वेगाइतकीच ऐटही होती, आणि आता प्रामाणिकपणे सांगायचे तर ऐटच अधिक.

दुकानातल्या मुलाने विचारले, "काका, किती वर घ्यायचंय?" फोर्कची नळी मीच पूर्वी हौसेने आखूड कापून घेतली होती, त्यामुळे खाली कड्या घालून हॅण्डल उचलायला जागा उरली नव्हती. मग ११० मिलिमीटरचा स्टेम काढून वर तोंड केलेला ८० मिलिमीटरचा बसवला. हॅण्डल सुमारे चार सेंटिमीटर वर चढले आणि जवळ आले. त्याबरोबर ब्रेकच्या केबली आखूड पडल्या. त्या पट्टीखालूनच जातात, तेव्हा पट्टी काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुकानात ती बांधूनही देत होते. मी घरी आणली.

नवी पट्टी फोमची, मऊ. ती खालच्या टोकापासून बांधत जायची. वरून सुरुवात केली तर प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून राहते आणि तळहाताच्या रेट्याने गुंडाळत सुटते. कौले वळचणीपासून आढ्याकडे चढवतात ती याच न्यायाने. खालच्या वळणावर हात बाहेरच्या अंगाला पीळ देतात, म्हणून वेढेही तिथे त्याच अंगाने घ्यायचे. मग पट्टी वापराने सैल न होता आवळत जाते. ब्रेकच्या लिव्हरभोवती एक फेरा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. आणि सगळीकडे ओढ सारखी हवी, हे सर्वांत अवघड. सैल राहिली तर सरकते, फार ताणली तर तिचा मऊपणाच जातो.

हे हातांना ओळखीचे वाटत होते, आणि लिव्हरपर्यंत पोचल्यावर कारण आठवले. शेवटच्या वर्षी नानांचे पाय सुजत. रोज सकाळी मी त्यांना क्रेप बँडेज बांधत असे, बोटांकडून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवत. "आवळू नकोस रे," ते म्हणत, आणि मी सैल केले की दुपारपर्यंत बँडेज घोट्यावर उतरलेले असे. मी कामावरून येईपर्यंत ते तसेच बसून राहत. आईला सांगत नसत. मला त्यांच्या पायांसाठी नीट ओढ कधीच साधली नाही.

डावी बाजू बरी झाली. उजव्या बाजूला स्टेमपाशी पट्टी बोटभर कमी पडली. सगळी सोडवून पुन्हा बांधायला हवी होती. मी वायरमनच्या काळ्या चिकटपट्टीचे दोन वेढे जास्त मारले आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सिंहगड रस्त्याने निघालो. धायरी फाट्यापुढे वारा सरळ छातीवर येऊ लागला आणि एरवी मागे पडणारी दोन तरुण मुले मला ओलांडून गेली. त्यांच्या पाठी आडव्या, माना खाली. खडकवासल्याच्या चौपाटीवर चहा सांगितला आणि तो येईपर्यंत उजव्या हाताने सदऱ्याचे वरचे बटण काढून पुन्हा लावून पाहिले. पहिल्यांदा निसटले. दुसऱ्यांदा लागले.