कान तुटलेला कप

आमची आई बावीस वर्षे चार घरची धुणीभांडी करीत होती. त्यातल्या एका घरी तिचा चहाचा कप वेगळा असे. कान तुटलेला, काठाचा टवका गेलेला. तो मोरीच्या खिडकीत पालथा असायचा. चहा पिऊन झाला की आईनेच तो विसळायचा आणि पुन्हा तिथेच पालथा घालायचा. ते काम सुटले त्या दिवशी आई तो कप पदराखाली घालून घरी घेऊन आली. का आणला ते तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

गेल्या वर्षी आई गेली. तिची पत्र्याची पेटी उघडली, तर लुगड्याच्या घडीत तो कप निघाला. आम्ही तो टाकायला निघालो. अपमानाची वस्तू घरात कशाला? पण आमची थोरली मुलगी आडवी आली. ती चित्रकला शिकते. म्हणाली, "पप्पा, थांबा. आधी ही बाई काय करते ते बघा." आणि तिने आमच्यापुढे काही चित्रे धरली.

वाचकहो, ही बाई म्हणजे बेट्टी सार. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंत. जन्म १९२६ चा, लॉस एंजेलिसचा. त्या नुसत्या रंगांनी चित्र काढीत नाहीत. जुन्या बाजारात हिंडून डबे, फोटो, बाहुल्या, खिडकीच्या चौकटी, धुण्याच्या पन्हाळी फळ्या गोळा करतात आणि त्यांतून कलाकृती उभी करतात.

लहानपणी वॉट्स भागात आजीकडे जाताना त्यांनी एक नवल पाहिले होते. सायमन रोडिया नावाचा इटलीहून आलेला कामगार आपल्या जागेत एकट्याने मनोरे उभारीत होता. लोखंडी सळ्या, सिमेंट आणि त्यात रोवलेल्या फुटक्या बाटल्या, फरशांचे तुकडे, शिंपले. १९२१ ते १९५४ असे त्याचे काम चालले. सर्वांत उंच मनोरा जवळजवळ शंभर फुटांचा झाला. लोकांनी टाकलेल्या फुटक्यातुटक्याचे असेही काही होऊ शकते, हे त्या मुलीच्या मनात राहिले. पुढे १९६७ साली त्यांनी जोसेफ कॉर्नेल या कलावंताच्या पेट्यांचे प्रदर्शन पाहिले आणि त्यांनाही पेटीची वाट सापडली.

आम्हाला कुतूहल वाटले ते त्यांच्या कामाच्या पद्धतीचे. आम्ही पडलो कारकून. आमच्याकडे आधी नमुना, मग रकाने, मग त्यात आकडे. सारबाईंचे उलटे. आधी वस्तू हाती येते. ती का उचलली हे तेव्हा सांगता येत नाही. ती वर्षानुवर्षे पडून राहते. मग एके दिवशी दुसरी एखादी वस्तू तिच्याशेजारी येते आणि मनात काहीतरी हलते. त्यानंतर वहीत छोटे रेखाटन होते. २०१९ साली लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात त्यांच्या या वह्या आणि पुऱ्या झालेल्या कलाकृती शेजारी शेजारी मांडल्या होत्या. प्रदर्शनाचे नावही 'हाक आणि साद' अशा अर्थाचे होते.

त्यांची गाजलेली कलाकृती आहे 'आंट जेमायमाची मुक्ती', १९७२ ची. (त्याच साली इकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन.) आंट जेमायमा म्हणजे एका पिठाच्या पुड्यावरचे चित्र. डोक्याला फडके बांधलेली, गोऱ्या मालकांसाठी रांधणारी, कायम हसणारी काळी बाई. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात तिच्या रूपाच्या कागद-पेन्सिल ठेवायच्या बाहुल्याही असत. तशीच एक बाहुली सारबाईंच्या हाती लागली. त्यांनी ती फोडली नाही. फूटभर उंचीच्या पेटीत उभी केली. मागे पुड्यावरचा तोच हसरा चेहरा ओळीने चिकटवला. पायाशी कापूस पसरला. एका बाजूला झाडू राहू दिला, दुसऱ्या बाजूला बंदूक दिली. पुढे वळलेली काळी मूठ. बाहुली अजून हसतेच आहे. पण आता ते हसू पाहून मालकाला झोप येणार नाही. तो पुड्यावरचा शिक्का कंपनीने २०२१ साली बदलला, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी.

दुसरी एक कलाकृती १९९८ ची. इस्त्रीची जुनी लाकडी फळी. तिच्यावर गुलामांच्या जहाजाचा नकाशा छापलेला, काडेपेटीत काड्या रचाव्यात तशी माणसे रचलेली. लोखंडी इस्त्री साखळीने बांधलेली. मागे दोरीवर पांढरी चादर आणि तिच्यावर कु क्लक्स क्लानची तीन अक्षरे. हे पाहून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. आईने आयुष्यभर लोकांच्या चादरी धुतल्या होत्या.

कप टाकला नाही. सध्या तो फडताळात आहे, उताणा. मुलगी अधूनमधून त्याच्याशेजारी काहीबाही ठेवून बघते. आईची मशेरीची डबी ठेवली, काढली. हिरव्या बांगडीचा तुकडा ठेवला, तोही काढला. परवा तिने आमच्या बी.कॉम.च्या मार्कलिस्टची झेरॉक्स मागितली. आम्ही म्हटले, "ती कशाला?" ती म्हणाली, "माहीत नाही. ठेवून बघते."

ती कागद घेऊन गेली आणि आम्ही दाराशी उभे राहून बघत राहिलो.