मस्टरवरचा डब्ल्यू.ओ.

वीकेंड हा शब्द मला बरीच वर्षं सहन होत नसे. हिंजवडीला नोकरीला असलेला माझा भाचा शुक्रवार दुपारपासून त्याचा जप सुरू करायचा आणि माझ्या कपाळावर आठी चढायची. काम नको असलेल्यांनी काढलेला शब्द, असं माझं पक्कं मत होतं. आमच्या भोसरीत वीकेंड नसतो. इथे असतो तो वीकली ऑफ, आणि तोही गुरुवारी.

हा गुरुवार कुठून आला, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. सगळे कारखाने एकाच वारी बंद राहिले तर सहा दिवस विजेची ओढाताण होणार आणि सातव्या दिवशी ती पडून राहणार. म्हणून वीज मंडळाने भागाभागांना बंदचे वार वाटून दिले, त्यात पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला गुरुवार मिळाला. अजूनही इकडे दुरुस्तीसाठी लाइट जायची ती बहुतेक गुरुवारीच. मुलांची शाळा रविवारी बंद, बापाची कंपनी गुरुवारी बंद. मी अशाच घरात वाढलो आणि आता भोसरीतच माझं छोटं वर्कशॉप आहे. दहा-बारा माणसं, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क.

माझ्या वर्कशॉपमध्ये गुरुवार नावापुरता होता. डिस्पॅच अडकला की, आणि तो नेहमीच अडकलेला असायचा, बुधवारी संध्याकाळी मी सांगायचो, 'उद्या या रे, हाफ डे करू.' तो हाफ डे पाच वाजेपर्यंत चालायचा. लाइट नसली तर जनरेटर लावायचो. एका हजेरीचे पैसे रोख हातावर ठेवायचो आणि त्यातही मला आपण उदार आहोत असं वाटायचं. कोणी कुरकुर केली तर माझं एक ठरलेलं वाक्य होतं: 'माझे वडील गुरुवारीसुद्धा कामावर जायचे, म्हणून मी आज इथे बसलोय.' ते वाक्य मी अभिमानाने बोलायचो. त्यापुढे कोणाला काही बोलता येत नसे आणि ते मला आवडायचं, हेही आज लिहायला हवं.

माझे वडील, अण्णा, एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. गुरुवारी सकाळी पावणेसातला डबा घेऊन निघालेले अण्णा माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांना कामाची हौस होती, सुट्टीत ते अस्वस्थ व्हायचे, अशी माझी समजूत होती. ती कोणी करून दिली? कोणीच नाही. मला सोयीची होती म्हणून मी ती सांभाळली.

पहिला तडा पडला तो वाचनाने. कामगार दिनाला आमच्या भागातल्या एका कार्यक्रमात बोलायला सांगितलं होतं, म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी वाचायला घेतलं. नाव माहीत होतं, माणूस माहीत नव्हता. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपर राहिलेले. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या त्या फक्त लहान मुलांना. मोठ्यांना सणावाराची सोडली तर ठरलेली सुट्टी नव्हती. 1884 मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणलं, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय, तर आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. सूर्यास्तापर्यंतच काम असावं, ही मागणी होती! रविवार हा खंडोबाचा वार, तो आम्हाला मोकळा द्या, असंही कामगार म्हणत, असं सांगतात. पुढे 24 एप्रिल 1890 ला दहा हजार कामगारांची सभा भरली, त्यात दोन बायकाही बोलल्या. त्या वर्षीच्या 10 जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला आणि 1891 च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सर्वांना लागू झाली.

तिकडे इंग्लंडातही तीच कथा. 1850 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका-मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबलं, आणि हळूहळू शनिवार दुपार व रविवार मिळून वीकेंड तयार झाला. म्हणजे भाच्याच्या तोंडचा जो शब्द मला आयतोबांचा वाटत होता, तो गिरणीच्या भोंग्याखालून आलेला होता.

हे सगळं वाचलं, टिपणं काढली आणि तरीही बुधवारी मी नेहमीसारखा म्हणालो, 'उद्या या रे.' वाचून माणूस बदलतो हे माझ्या बाबतीत तरी खरं नाही. लोखंडे थोर होते, ते गिरणीमालक वाईट होते आणि मी या दोन्हींत कुठेच नव्हतो, अशी मी मनाची वाटणी करून टाकली होती.

भाषणात अण्णांची एखादी आठवण घालावी म्हणून आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती. म्हटलं, 'अण्णांना गुरुवारी घरी बसवत नसे ना?'

आईने वर पाहिलं नाही. म्हणाली, 'कोण म्हणतं? ओव्हरटाइम डबल मिळायचा, म्हणून जायचे. तुझी फी होती. बुधवारी रात्री त्यांना जेवण जायचं नाही. मला म्हणायचे, हे सोसायटीचं कर्ज फिटू दे, मग गुरुवारी मी बारापर्यंत उठणार नाही.'

'मग? फिटलं ना ते?'

'फिटलं की. तेवढ्यात तू वर्कशॉप काढलंस.'

बास, एवढंच. तिच्या आवाजात तक्रार नव्हती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिटायर झाल्यावर अण्णा दर गुरुवारी माझ्याकडे यायचे, जनरेटर बघायचे, पोरांचे ड्रिल धार लावून द्यायचे. मी लोकांना कौतुकाने सांगायचो, बघा, या वयातही घरी बसवत नाही. त्यांना मी एकदाही म्हणालो नाही की अण्णा, आज झोपा. ते गेले तेव्हा त्यांच्या पदरात बारापर्यंत झोपलेला एकही गुरुवार नव्हता, निदान मी तरी तो पडू दिला नाही. आणि त्याच माणसाचं नाव घेऊन मी दुसऱ्यांचे गुरुवार काढून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. महिनाअखेर असल्याने मी केबिनमध्ये मस्टर पुरं करत बसलो. हजर असेल तिथे पी, गैरहजर असेल तिथे ए, आणि गुरुवारच्या चौकटीत लाल पेनाने डब्ल्यू.ओ., म्हणजे वीकली ऑफ. वर्षानुवर्षं केलेलं काम, त्यात हात थांबत नाही. मामांच्या ओळीशी आलो. मामा आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, सगळेच त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या नावापुढे डब्ल्यू.ओ. लिहिलं आणि मान वर केली. काचेपलीकडे मामा लेथवर उभे होते. एक हात कॅरेजच्या चाकावर, दुसऱ्या हातात ब्रश, जॉबवरची चीप झटकत होते. माणूस समोर उभा होता आणि मी त्याच क्षणी लिहीत होतो की तो घरी आहे.

हे मी शेकडो वेळा लिहिलं असेल. कायद्याला दाखवायला सुट्टी, मला वापरायला माणूस. त्या दिवशी मला त्यातलं खोटं दिसलं आणि त्याहून वाईट गोष्टही दिसली. अण्णांना गुरुवारचे निदान डबल मिळत होते. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने ओव्हरटाइमचा दर दुप्पट ठरवला होता, हे मला पूर्ण माहीत होतं. मी मामांना एकेरी देत होतो. ज्या मालकांना मी भाषणात वाईट म्हणणार होतो, त्यांनी सुट्टी द्यायला नकार तरी उघड दिला होता. मी ती दिल्याची सही करून परत घेतली होती.

भाषणात मी यातलं काही बोललो नाही. तेवढं धैर्य तेव्हा नव्हतं.

पुढे गुरुवारचं काम बंद करतो म्हणून सांगितलं, तेव्हा पोरं खूश होतील असं वाटलं होतं. झालं उलटच. रोजावर असलेला एक जण म्हणाला, 'दादा, खाडा पडेल मग.' त्याच्या घरभाड्यात गुरुवारची रोकड धरलेली होती. ज्याला रोजावर पैसे मिळतात त्याला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज, ही साधी गोष्ट मला तोवर कळलेली नव्हती. सुट्टी द्यायची तर पगारी द्यायला हवी, नाहीतर ती शिक्षाच. मग हिशोब नव्याने मांडला, सगळ्यांना महिन्याच्या पगारावर घेतलं, गुरुवारचे पैसे त्यात मिळवले. एका कंपनीच्या परचेसवाल्या साहेबांना डिलिव्हरी शुक्रवारी मिळेल म्हणून सांगितलं. ते चिडले, पुढची ऑर्डर त्यांनी निम्मी केली. ती अजून भरून आलेली नाही आणि बुधवारी संध्याकाळी जीभ अजूनही वळवळते.

गेल्या वर्षी खरंच अडकलो होतो तेव्हा दोघांना विचारून बोलावलं, दुप्पट पैसे दिले, बदली सुट्टी दिली आणि मस्टरवर पी लिहिलं. मामांना विचारलं तर ते नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ठेकेदाराकडून येणारे दोन हेल्पर मात्र अजून रोजावरच आहेत. गुरुवारी त्यांचा खाडा पडतो, म्हणून ते त्या दिवशी नाक्यावर जाऊन दुसरं काम धरतात. ठेकेदाराशी बोललो, तो म्हणतो, ती माणसं माझी, तुम्ही कशाला काळजी करता? या महिन्यात त्यांची कागदपत्रं मागवून घेतली आहेत. एकाच्या आधारवर नाव चुकलंय, ते दुरुस्त झालं की दोघांनाही माझ्या मस्टरवर घेणार आहे.